ब्रह्मदेशातल्या लेकाचे मत

जेनेट स्ट्रीटवर एकूण बावीस घरे होती. त्यांतल्या एकवीस घरांत हेस्टर टॅटरसॉलचा सल्ला कोणी मागण्याआधीच पोहोचलेला असे. कोणाच्या खिडकीला कसला पडदा शोभेल, कोणाच्या मुलीने कोणत्या मुलाबरोबर फिरायला जाऊ नये, दारची पायरी घासून झाल्यावर कडेला पांढऱ्या दगडाची रेघ ओढावी की पिवळ्या, हे सारे ती जाता जाता सांगून टाकी. वैतागाची गोष्ट ही, की दहांतल्या आठ वेळा तिचे बरोबर निघे. बाविसावे घर तिचे स्वतःचे. तिथे सल्ला नसे, हुकूम असे.

वय चोपन्न. तेराव्या वर्षी ती ब्रिंडलशॉच्या रिशवर्थ गिरणीत कामाला लागली, ती एक्केचाळीस वर्षे त्याच मागखात्यात राहिली. तिच्या तरुणपणी त्या गिरणीत मुंबईच्या बाजारासाठी धोतरे विणत. नेसणारा कधी पाहिला नव्हता, पण काठाला तांबडा रंग हवा की निळा, याविषयीही हेस्टरचे मत ठाम होते. तो व्यापार बसला, निम्म्या गिरण्या बंद पडल्या, मग लढाई आली आणि मागांवर पॅराशूटचे कापड चढले. हेस्टर आपल्या चार मागांशी, जितके माग तितका पगार या हिशेबाने, होती तिथेच राहिली.

मागखात्यात चारशे माग एकदम चालत. त्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलत. आवाज न काढता, तोंड मोठे करून, एकेक शब्द ओठांवर घडवायचा. पलीकडच्या भिंतीशी उभी असलेली बाई तो वाचणार आणि तसेच उत्तर देणार. नवख्या माणसाला वाटे, या बायांना एकमेकींना वाकुल्या दाखवण्याचा पगार मिळतो की काय! ही विद्या गिरणीबाहेरही उपयोगी पडे. ब्रिंडलशॉत रस्त्याच्या त्या बाजूला दोघे कुजबुजले, तरी या बाजूला गोष्ट कळलेली असे.

हेस्टरचा नवरा विल्फ्रेड तेहेतीस सालच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला. मागे राहिला एक मुलगा, क्लिफर्ड. पुढच्याच वर्षी, अकरा वर्षांचा असताना, त्याने मोठ्या शाळेची शिष्यवृत्ती मिळवली. गावातून दोघांनाच मिळाली होती. शाळामास्तर स्वतः घरी आले. हेस्टरने त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितले. गणवेश, पुस्तके, शिवाय सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत कमाई नाही. एकट्या बाईला हे झेपणारे नव्हते, हे खरेच होते. मास्तर गेले तेव्हा क्लिफर्ड जिन्यात बसला होता. त्याला कोणी काही विचारले नव्हते. चौदाव्या वर्षी तो गिरणीत लागला.

आठ वर्षे त्याने याबद्दल चकार शब्द काढला नाही. बेचाळीस साली फौजेच्या गाडीत चढताना मात्र म्हणाला, “तू चुकलीस असं मी म्हणत नाही, आई. पण मला विचारायला हवं होतंस.”

गाडी सुटली.

पंचेचाळीसच्या जून महिन्यात ब्रह्मदेशातून त्याचे पत्र आले. युरोपातली लढाई संपली होती, त्यांची चालूच होती. देशात निवडणूक जाहीर झाली होती, आणि लांबच्या सैनिकांना घरच्या कोणा माणसाला आपल्या वतीने मत द्यायला नेमता येत होते. क्लिफर्डने लिहिले होते:

“मतदानासाठी मी तुझं नाव दिलंय. इकडून कागद तिकडे पोहोचेपर्यंत पुढची निवडणूक यायची. आपल्याकडे मजूर पक्षाचा जो कोणी उभा असेल, त्याला माझं मत दे. कोण आहे ते मला ठाऊक नाही. तू हसशील. खुशाल हस, पण मत दे. एवढं एक माझ्या मनासारखं कर.”

हेस्टर हसली नाही. मजूर पक्षाचे नाव वाचून ती हसली असती, पण शेवटच्या वाक्याने तिची पंचाईत केली.

कारण ती हुजूर पक्षाची होती. तिचा बाप हुजूर पक्षाचा, तिचा नवरा हुजूर पक्षाचा, आणि बावीस सालापासून तिने आपले मत दुसरीकडे कधी जाऊ दिले नव्हते. त्यातून ब्रिंडलशॉत हुजूर पक्षाचा उमेदवार म्हणजे खुद्द गिरणीचे मालक सर एडमंड रिशवर्थ. ती जागा त्यांच्या घराण्याकडे अठ्ठावीस वर्षे होती. विल्फ्रेडच्या अंत्ययात्रेत हा माणूस हॅट हातात घेऊन, गारांच्या पावसात, टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत पायी आला होता. तीन आठवडे हेस्टरचे माग त्यांनी बदलीची बाई लावून तिच्यासाठी राखून ठेवले होते. असल्या गोष्टी हेस्टर विसरत नसे. पक्षबिक्ष ठीक आहे, माणूस पाहून मत द्यावे, असे ती म्हणे. आणि माणूस एकच होता.

आता तिच्या हातात दोन मते आली होती. एक तिचे आणि एक लेकाचे.

ही बातमी जेनेट स्ट्रीटला कळायला दीड दिवस लागला. कळवली हेस्टरनेच. शेजारच्या मागावर आणि शेजारच्या घरात, दोन्हीकडे फ्लॉरी शोल्स होती. फ्लॉरी मजूर पक्षाची, कपाळावर शिक्का मारल्यासारखी. तीस वर्षे दोघी भांडत होत्या आणि तीस वर्षे एकमेकींची साखर उसनी नेत होत्या.

निवडणूक देशभर पाच जुलैला होती. पण त्या आठवड्यात ब्रिंडलशॉच्या साऱ्या गिरण्यांची वार्षिक सुट्टी असे. भोंगे बंद, चिमण्या बंद, आणि उठून सगळे गाव समुद्रावर, ब्लॅकपूलला. रिकाम्या गावात मत देणार कोण? आपल्या सुट्टीची तारीख मोडणे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. शेवटी सरकारच नमले आणि अशा मोजक्या गावांना आठवडाभर पुढची तारीख मिळाली. मतमोजणी सगळ्यांचीच सव्वीस तारखेला. परदेशातल्या सैनिकांची मते यायची होती म्हणून पेट्या तोवर लाखेची मोहोर करून ठेवायच्या.

ब्लॅकपूलला जेनेट स्ट्रीट दरवर्षी एकाच भाड्याच्या घरात उतरे, त्यामुळे शेजाऱ्यांपासून सुट्टी कधी मिळत नसे. खाणे ज्याचे त्याने आणायचे, घरमालकिणीने शिजवून वाढायचे, असा तिथला रिवाज. लढाईच्या दिवसांत अंडे म्हणजे दागिना. म्हणून प्रत्येक जण आपापल्या अंड्यावर पेन्सिलीने नाव लिहून ते स्वयंपाकघरात देई.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला हेस्टरपुढे दोन अंडी आली. दोन्हींवर तिचे नाव.

“दोन अंडी!” फ्लॉरी टेबलापलीकडून म्हणाली. “दोन अंडी, दोन मतं. मजा आहे बाई एकेकीची. दोन्ही तूच खाणार ना?”

“अंडी माझ्या कोंबडीची आहेत.”

“आणि मतं?”

फ्लॉरीचा नवरा जेबेझ मिशीतून हसला. तो मागांची दुरुस्ती करणारा कारागीर होता आणि हुजूर पक्षाच्या क्लबात बिलियर्ड खेळायला जाई.

“हेस्टर, तू हिच्याकडे लक्ष देऊ नकोस,” तो म्हणाला. “आमच्या आर्थरनंही इटलीहून माझं नाव दिलंय. म्हणे मजूर पक्ष! बावीस वर्षांच्या पोराला काय कळतं?”

“तोफ चालवायचं कळतं,” फ्लॉरी म्हणाली. “बाविसाव्या वर्षी मरायचं कळतं. मत द्यायचं तेवढं कळत नाही.”

“मत देणार मी आहे.”

“तेच तर रडगाणं आहे. चहा ओता.”

हेस्टरने एक अंडे फोडले आणि मीठ टाकून खाल्ले. दुसरे तिने फ्लॉरीच्या ताटात सरकवले. “खा आणि तोंड बंद ठेव,” ती म्हणाली. “मी काय करायचं ते मला कळतं.”

पण पुढचे चार दिवस समुद्रकाठच्या कापडी खुर्चीत बसून ती ते पत्र पुनःपुन्हा वाचत राहिली. तिच्या मनाचा हिशेब सरळ होता. सर एडमंड निवडून येणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. लढाई जिंकून देणारा पंतप्रधान त्यांच्या पक्षाचा. त्याला लोक लढाई संपताच घरी बसवतील, असे म्हणणाऱ्याला डॉक्टरकडे न्यावे लागले असते. तेव्हा प्रश्न निकालाचा नव्हताच. प्रश्न एवढाच, की लेकाचा निर्णय दुसऱ्यांदा तिच्या हातात आला होता. तो त्याच्या मनाप्रमाणे उतरणार की तिच्या?

आणि एक अडचण होती. तिने त्याच्या मनाप्रमाणे केले तरी ते त्याला कळणार कसे? मताची पावती मिळत नाही. नुसत्या तिच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवायचा. तिने शब्द पाळला असे मानावे, असे त्याच्यापाशी काय कारण होते?

बारा जुलैला, भोंगा झाल्यावर, ती घरी जाऊन हात-तोंड धुऊन, चांगली हॅट घालून मतदानाला गेली. केंद्र शाळेत होते. दारात मजूर पक्षाचे तांबडे फूल लावून फ्लॉरी आणि हुजूर पक्षाचे निळे फूल लावून पोस्टमास्तरांची बायको, अशा दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या आणि एकाच थर्मासमधला चहा पीत होत्या.

“मजूर पक्षाच्या माणसाचं नाव काय गं?” हेस्टरने विचारले.

फ्लॉरीच्या हातातला चहा हिंदकळला. मतपत्रिकेवर पक्ष छापत नसत, नुसती नावे असत. “ग्रिमशॉ,” ती म्हणाली. “जोसेफ ग्रिमशॉ. रेल्वेत कारकून आहे. का गं?”

“सहज. कोणाला पाडायचं त्याचं नाव ठाऊक असलेलं बरं.”

निळ्या फुलाची बाई खुदकन हसली. फ्लॉरी हसली नाही.

आतल्या कारकुनाने यादी पाहिली. “हेस्टर टॅटरसॉल. स्वतःचं एक. क्लिफर्ड टॅटरसॉल, फौजेत, त्याच्या वतीनं एक.” दोन कागद तिच्या हातात पडले.

फळ्यांच्या आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती. पहिला कागद तिने उलगडला. वर ग्रिमशॉ, खाली रिशवर्थ. रिशवर्थच्या नावापुढे तिने फुली मारली, कागद दुमडला, बाजूला ठेवला. हे तिचे झाले.

दुसरा कागद उलगडला आणि तिचा हात आपणहून खालच्या नावापाशी गेला. तेवीस वर्षांची सवय. पेन्सिलीचे टोक कागदाला लागणार, तेवढ्यात तिने हात वर घेतला. इथे फुली मारली तरी कोणाला कळणार नव्हते. ना फ्लॉरीला, ना सर एडमंडना, ना क्लिफर्डला. आडोसा त्याचसाठी होता. मास्तरांना चहा देऊन परत पाठवले होते, तेव्हाही तिला असेच वाटले होते, की आपल्याला जे कळते ते पोराला कुठे कळते! आणि पोरगा जिन्यात बसला होता.

“मिसेस टॅटरसॉल, पेन्सिल चालत नाही का?” कारकुनाने बाहेरून विचारले.

“पेन्सिल चालते. दम धरा जरा.”

तिने वरच्या नावापुढे फुली मारली. चांगली ठळक, दोनदा गिरवून. एका मताने सर एडमंड पडत नाहीत, असे तिने स्वतःला बजावले आणि दोन्ही कागद पेटीत टाकले.

“काय केलंस?” बाहेर फ्लॉरीने विचारले.

“मत गुप्त असतं,” हेस्टर म्हणाली आणि हॅट सारखी करून घरी गेली. त्या संध्याकाळी तिने क्लिफर्डला दोन ओळी लिहिल्या. तुझे काम झाले, तुझा माणूस ग्रिमशॉ नावाचा आहे, रेल्वेत असतो. मोजे पाठवले आहेत.

चौदा दिवस पेट्या पोलीस कचेरीत पडून राहिल्या. फ्लॉरी रोज मागापलीकडून ओठ हलवून विचारी, “दोन्ही मालकांनाच ना?” हेस्टर रोज ओठ हलवून उत्तर देई, “तुझा धागा तुटलाय.” आणि बहुतेक वेळा तो तुटलेलाही असे.

सव्वीस तारखेला गुरुवार होता. बाराचा भोंगा झाला आणि गिरणीतून बाया-माणसे जेवणाचे डबे काखेत मारून टाउन हॉलसमोरच्या चौकात लोटली. कोपऱ्यावरच्या रेडिओच्या दुकानदाराने दारात फळा टांगला होता. आतल्या रेडिओवरून जे ऐकू येई ते तो खडूने लिही. हेस्टर आली तेव्हा फळ्यावर मजूर पक्षाच्या नावाखाली रेघांचे जंगल माजले होते.

“याचा रेडिओ बिघडलाय,” हेस्टर म्हणाली.

“होय ना! माझ्या लग्नाच्या दिवसापासून अशाच बिघाडाची वाट बघतेय मी,” फ्लॉरी म्हणाली. तिने स्वतः रोज रात्री दारोदार फिरून मते मागितली होती, तरी हे फळ्यावरचे तिलाही खरे वाटत नव्हते.

टाउन हॉलच्या पहिल्या मजल्यावर मोठी खिडकी होती. तिच्या आत मोजणी चालली होती. काचेपलीकडे सर एडमंड उभे दिसत होते, शेजारी त्यांची पत्नी. निवडणुकीचे काम पाहणारा त्यांचा माणूस आला आणि त्याने त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. सर एडमंडनी ती वाचली. मग पत्नीकडे वळून ते काही बोलले.

चौकातल्या शेदोनशे मागवाल्या बायकांचे डोळे त्या ओठांवर होते.

“चारशे त्र्याण्णव,” सर एडमंडचे ओठ म्हणाले.

“आपण?” पत्नीने विचारले.

“नाही. तो.”

चौकातून एक सुस्कारा फिरला, वाऱ्याने पीक हलावे तसा. पुरुषमंडळी बावळटासारखी इकडे तिकडे पाहू लागली. “काय झालं? काय झालं गं?” जेबेझ फ्लॉरीचा दंड हलवत होता. फ्लॉरी नुसती रडत होती आणि रडता रडता हेस्टरच्या पाठीत गुद्दे मारत होती.

पाच मिनिटांनी महापौर गळ्यात साखळी घालून, घसा खाकरून सज्जात आले आणि मोठ्या ऐटीत कागद उलगडू लागले. जोसेफ ग्रिमशॉ, सतरा हजार तीनशे चौसष्ट. सर एडमंड रिशवर्थ, सोळा हजार आठशे एकाहत्तर. त्यांनी वर पाहिले. निम्मा चौक केव्हाच डबे उघडून, तोंडात घास घेऊन त्यावर वाद घालत होता. महापौरांना फार वाईट वाटले, असे म्हणतात.

हेस्टर डबा न उघडता उभी होती. सर एडमंडचा तो चेहरा तिला लागला. हॅट हातात घेऊन टेकडी चढणारा माणूस तोच होता. त्याच वेळी छातीत दुसरेच काहीतरी उड्या मारत होते, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. माझ्या लेकाचा माणूस जिंकला. तिने हिशेब करून पाहिला. क्लिफर्डचे मत तिने खालच्या नावाला दिले असते, तर फरक चारशे एक्याण्णवचा झाला असता. म्हणजे तरीही ग्रिमशॉच. तिच्या एका फुलीने सर एडमंड पडले नव्हते. मग पडले कशाने?

ते शुक्रवारी सकाळी कळले.

माग सुरू होऊन अर्धा तास झाला होता. पलीकडच्या रांगेतल्या सेलिनाने हेस्टरकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि ओठ हलवले. “कोणाला सांगू नकोस. मी मालकांना मत दिलं, पण आमच्या हॅरल्डचं मजूर पक्षाला दिलं. त्यानं लिहिलं होतं ना! म्हटलं, एकानं काय होतंय.”

हेस्टरचा हात मागाच्या दांड्यावर तसाच राहिला.

“मीही,” तिचे ओठ म्हणाले.

सेलिनाच्या शेजारणीने ते वाचले. “तुम्ही पण? मी माझ्या दोघांची दिली. दोन्ही पोरं एकदम ओरडली तर आईनं करावं काय?” मग तिच्या मागची. मग खांबापलीकडची, जिने आयुष्यात निळे फूल सोडून दुसरे लावले नव्हते. ओठांवरून ओठांवर गोष्ट चारशे मागांमधून धावत गेली. प्रत्येकीने आपले मत मालकांना दिले होते, प्रत्येकीने लेकाचे मत लेकाच्या मनाप्रमाणे दिले होते, आणि प्रत्येकीला वाटले होते, की असे करणारी गावात आपण एकटीच. सव्वाआठपर्यंत हेस्टरने सतरा जणी मोजल्या होत्या, त्याही फक्त आपल्या बाजूच्या. आणि गावात गिरण्या नऊ होत्या.

“जेबेझनंसुद्धा!” फ्लॉरीने बातमी दिली. “काल कबूल झाला. म्हणाला, पेन्सिल हातात घेतली आणि पोरगा समोर उभा राहिला. चौदा दिवस मी त्या माणसाशी बोलले नाही गं!”

“आता बोल,” हेस्टरने ओठ हलवले. “आणि तुझा धागा तुटलाय.”

फ्लॉरी वळली आणि तशीच थिजली. सगळे ओठ एकदम मिटले.

दारात सर एडमंड उभे होते. नेहमीचाच काळा कोट, नेहमीचीच वेळ. केव्हापासून उभे होते कोण जाणे. आणि गावात एकालाही विसर पडला नव्हता, की बापाने तरुणपणी त्यांना वर्षभर याच खात्यात माग चालवायला लावले होते. ओठांची बोली त्यांना कोणत्याही बाईइतकी येत होती.

ते रांगांमधून चालत आले. रोजच्यासारखे एखाद्या कापडावर हात ठेवून पाहत, मान हलवत. हेस्टरपाशी येऊन थांबले. बायांनी नजरा आपापल्या मागांवर खिळवल्या आणि डोळ्यांचे कोपरे तेवढे इकडे ठेवले.

“मिसेस टॅटरसॉल,” त्यांचे ओठ म्हणाले, “मला वाटलं होतं तुम्ही माझ्याकडून आहात.”

“तुमच्याकडूनच होते. माझं मत तुम्हालाच आहे. पुढच्या खेपेलाही असेल, तुम्ही उभे राहिलात तर.”

“आणि मुलाचं?”

“ते त्याचं होतं. मी फक्त पेन्सिल धरली.”

सर एडमंडच्या गालाची एक बाजू हलली. “तुम्ही गावातल्या सगळ्या आयांनी पोरांचं ऐकायला नेमका एकच दिवस निवडलात,” ते म्हणाले. “आधी थोडं थोडं ऐकलं असतंत, तर मला एवढं महाग पडलं नसतं.”

हेस्टरला हसू आले. हसावे की नाही हे ठरवण्याआधीच ते बाहेर पडले.

“असो,” सर एडमंड म्हणाले. “जपानची लढाई आज ना उद्या संपेल. पोरं परत येतील. मला हात हवेत, अर्धी गिरणी रिकामी आहे. क्लिफर्ड चांगला विणकर होता. त्याचं नाव मी यादीत घालू ना? तुमचा शब्द पुरे.”

पूर्वीची हेस्टर हो म्हणून मोकळी झाली असती. आताही ‘हो’ तिच्या जिभेवर आलेच होते. पगार बांधलेला, घर पायाशी, मुलगा डोळ्यांसमोर. आणखी काय हवे? तिने तोंड उघडले आणि शेजारच्या मागावरून फ्लॉरी श्वास रोखून आपल्या ओठांकडे पाहते आहे, हे तिला दिसले.

“माझा शब्द चालणार नाही,” ती म्हणाली. “त्यालाच विचारा. पत्ता देते.”

सर एडमंडनी खिशातून छोटी वही काढली. हेस्टरने एकेक आकडा, पलटणीचे एकेक अक्षर ओठांवर सावकाश घडवले आणि त्यांनी ते उतरून घेतले.

“काय म्हणेल असं वाटतं?” वही मिटताना त्यांनी विचारले.

“मला ठाऊक नाही,” हेस्टर म्हणाली. आणि ते खरे होते.

सर एडमंडनी दोन बोटे हॅटच्या कडेला लावली आणि ते पुढच्या रांगेकडे गेले. फ्लॉरी काहीतरी विचारत होती, पण हेस्टरच्या तिसऱ्या मागाचा धागा खरोखरच तुटला होता.

संध्याकाळी चहा झाल्यावर तिने टेबलावरचे कापड सारखे केले आणि क्लिफर्डला पत्र लिहायला बसली. तुझा माणूस चारशे त्र्याण्णवने निवडून आला. मी माझे मत दुसऱ्याला दिले होते, तुझे तुझ्या माणसाला दिले. तुला खरे वाटो न वाटो, झाले आहे ते असे. सर एडमंड तुला पत्र घालतील. गिरणीत परत येशील का, असे विचारतील. त्यांना काय उत्तर द्यायचे ते तू ठरव. मला विचारू नकोस, मी सांगणार नाही.

इथे तिने सही केली. कागद दुमडला. मग पुन्हा उलगडला, आणि सहीच्या खाली उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, लिहून टाकले: पण हो म्हणायचेच झाले, तर सहापेक्षा कमी मागांना म्हणू नकोस.